वनस्पतिज प्रतिऑक्सिडीकारकांचे रेणुठशांच्या साहाय्याने निवडक निष्कर्षण

वनस्पतिज द्रव्यांचे रसायनशास्त्र हे बव्हंशी विलगीकरणाचे शास्त्र होय. द्रव्याची रचना ठरविणे, त्याचे गुणधर्म मोजणे, त्याचे संश्लेषण करणे या साऱ्या गोष्टी ते शुद्ध स्वरूपात हाती आल्यानंतरच्या. आणि ते हाती येणे हेच पुष्कळदा सर्वांत कष्टाचे असते. कांद्याचे सुके टरफल हे याचे अगदी घरगुती उदाहरण घेता येईल. या टरफलातील पिवळे रंगद्रव्य म्हणजे क्वेर्सेटिन होय, असे ए. जी. पर्किन व जे. जे. हमेल यांनी १८९६ साली दाखविले. त्या काळी त्याची महती लोकर रंगविण्यापुरती होती. आज ते एक प्रमुख प्रतिऑक्सिडीकारक म्हणून अभ्यासले जाते. नाशिक जिल्ह्यातील कांद्याच्या बाजारपेठांत वाऱ्यावर उडणाऱ्या टरफलांकडे या दृष्टीने पाहावे असे कोणाही रसायनाच्या विद्यार्थ्यास वाटणे साहजिक आहे.

टरफले पाणीमिश्रित अल्कोहोलात भिजविली की गडद तपकिरी अर्क मिळतो. अडचण येथूनच सुरू होते. या अर्कात क्वेर्सेटिन असते, तशीच त्याची ग्लुकोसाइडे, म्हणजे शर्करा जोडलेली रूपे, असतात. कांद्याच्या गरात ग्लुकोसाइडांचे प्राबल्य असते, तर सुक्या टरफलात मुक्त क्वेर्सेटिनचे प्रमाण पुष्कळच अधिक असते. शिवाय एक हायड्रॉक्सिल गट कमी असलेले केम्फेरॉल, एक मिथिल गट अधिक असलेले आयसोऱ्हॅम्नेटिन, क्वेर्सेटिनच्या ऑक्सिडीभवनातून उत्पन्न होणारे प्रोटोकॅटेच्युइक अम्ल, आणि कांदा तांबडा असेल तर अँथोसायनिने, असा सगळा गोतावळा त्यात असतो. ही सर्व फिनॉले होत. त्यांचे विद्राव्यतेचे व ध्रुवतेचे गुण इतके जवळचे की, विद्रावक बदलून किंवा सिलिका जेलच्या स्तंभातून ती एकमेकांपासून अलग करणे म्हणजे एकाच घरातील भावंडांना केवळ उंचीवरून ओळखण्यासारखे आहे. रेणूच्या आकारावरून आणि त्याच्यावरील गटांच्या नेमक्या स्थानांवरून निवड करणारे एखादे साधन हवे, ही अपेक्षा येथे निर्माण होते. रेणुठसायुक्त बहुवारिके, म्हणजे विशिष्ट रेणूचा ठसा अंगी धारण करणारी पॉलिमरे, ही अपेक्षा कितपत पुरी करतात याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरण म्हणून क्वेर्सेटिनच घेतले आहे.

कल्पना समजावयास कठीण नाही. मूर्तिकार मेणाची प्रतिमा घडवितो, तिच्यावर मातीचे लेपन करतो, मग तापवून मेण काढून टाकतो आणि मागे राहिलेल्या पोकळीत धातू ओततो. मधूच्छिष्टविधान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कृतीचे वर्णन चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात आलेले आहे. रेणुठशाच्या पद्धतीत मेणाच्या जागी क्वेर्सेटिनचा रेणू असतो आणि मातीच्या जागी त्याच्याभोवती घडत जाणारे बहुवारिक. फरक दोन. मूर्तिकार पोकळीत निराळाच पदार्थ ओततो, येथे मात्र तोच रेणू परत यावा अशी इच्छा असते. दुसरे असे की, मातीला मेणाशी काही देणेघेणे नसते; बहुवारिकाने मात्र रेणूच्या हायड्रॉक्सिल गटांसमोर आपले गट नेमके मांडून ठेवावयाचे असतात.

या कल्पनेचा इतिहास मनोरंजक आहे, कारण तिच्या वाढीस एका चुकीच्या सिद्धांताचा हातभार लागला. एमिल फिशर यांनी १८९४ साली विकरांसाठी कुलूप-किल्लीची उपमा योजिली होती. १९३१ साली पोल्याकोव्ह यांनी बेंझीन, टोल्युइन इत्यादींच्या सान्निध्यात सिलिका जेल तयार केले असता ते जेल पुढे त्या त्या द्रव्यास अधिक धरते असे दाखविले. पण तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९४० साली लायनस पॉलिंग यांनी प्रतिपिंडांविषयी असे मत मांडले की, बाहेरून आलेल्या प्रतिजनाच्या अंगाभोवती प्रथिनाची साखळी गुंडाळली जाते आणि त्यातून प्रतिपिंडाचा आकार घडतो. प्रतिपिंडे अशी घडत नाहीत हे पुढे स्पष्ट झाले. पण सजीवात जे घडत नव्हते ते काचपात्रात घडवून पाहावे, या हेतूने पॉलिंग यांचे शिष्य फ्रँक डिकी यांनी १९४९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मिथिल ऑरेंज व त्याच्या एथिल, प्रोपिल आणि ब्युटिल या भावंडांच्या सान्निध्यात त्यांनी सिलिका जेले बनविली, रंग धुऊन काढले, आणि प्रत्येक जेल आपापल्या रंगास इतरांपेक्षा अधिक धरते असे दाखविले. या प्रयोगाची मांडणी वाचकांनी ध्यानात ठेवावी. लेखाच्या उत्तरार्धात तिच्याकडे परत यावयाचे आहे.

सेंद्रिय बहुवारिकांत ठसा उमटविण्याचे श्रेय १९७२ साली वुल्फ व सरहान यांच्याकडे जाते. त्यांनी ग्लिसरिक अम्लाचा रेणू बोरॉनिक अम्लाच्या साहाय्याने सहसंयुजी बंधांनी बांधून घेतला होता. स्वीडनमधील लुंड येथील क्लाउस मोसबाख यांच्या गटाने पुढे सहसंयुजी बंधांची आवश्यकताच दूर केली. हायड्रोजन बंधांसारखे दुर्बल बंधही ठशास पुरतात असे त्यांनी दाखविले. त्यांच्या १९९३ च्या निबंधातील थिओफायलिनचे उदाहरण प्रसिद्धच आहे. थिओफायलिन व कॅफीन यांच्यात केवळ एका मिथिल गटाचा फरक. तरीही थिओफायलिनच्या ठशात कॅफीनचा प्रतिसाद १ टक्क्याहूनही कमी भरला. वनस्पतिज प्रतिऑक्सिडीकारकांकडे हे तंत्र वळल्यानंतर चिनी संशोधकांनी २००१ साली गिंको वृक्षाच्या पानांच्या अर्कातून क्वेर्सेटिनच्या ठशाने फ्लॅव्होनॉइडे थेट वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून या विषयावरील निबंधांची संख्या सतत वाढत आली आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. क्वेर्सेटिनच्या रेणूवर पाच हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांपैकी ५ या स्थानचा गट शेजारच्या कार्बोनिलशी अंतर्गत हायड्रोजन बंधाने गुंतलेला असतो, तेव्हा बाहेरच्या जोडीदारास तो फारसा उपलब्ध नसतो. उरलेल्यांशी सख्य जुळवील असे क्रियाशील एकवारिक निवडावयाचे. फिनॉलांच्या बाबतीत ४-व्हिनिलपिरिडीन हे मेथॅक्रिलिक अम्लापेक्षा पुष्कळदा सरस ठरते, कारण त्यातील नायट्रोजन फिनॉलाच्या हायड्रोजनास धरतो आणि त्याचे सपाट वलय क्वेर्सेटिनच्या सपाट वलयांवर बसू शकते. क्वेर्सेटिनच्या एका मोलास एकवारिकाचे चार व एथिलीन ग्लायकॉल डायमेथॅक्रिलेट या आडबंधकाचे वीस मोल हे नेहमीचे प्रमाण होय. आडबंधक एवढा विपुल घ्यावा लागतो, कारण क्वेर्सेटिन निघून गेल्यावर पोकळी कोसळता कामा नये. विद्रावकाची निवड ही तडजोडच असते. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये हायड्रोजन बंध चांगले टिकतात पण क्वेर्सेटिन फारसे विरघळत नाही. टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये ते विरघळते, पण हा विद्रावक स्वतःच हायड्रोजन बंधांचा वाटेकरी होतो. द्रावात नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवावा, अ‍ॅझो वर्गातील आरंभक घालून ६० अंश सें. तापमानास सुमारे २४ तास ठेवावे, आणि शेवटी मिथेनॉल व अ‍ॅसिटिक अम्ल यांच्या मिश्रणाने सॉक्सलेट उपकरणात क्वेर्सेटिन धुऊन काढावे. कृती पाकशास्त्रातील कृतीसारखी सरळ वाटते.

ती तशी सरळ नाही, आणि प्रतिऑक्सिडीकारकांच्या बाबतीत तर मुळीच नाही. बहुवारिकीभवन हे मुक्त मूलकांच्या द्वारे चालते. मुक्त मूलकांना गाठून निष्प्रभ करणे हाच तर प्रतिऑक्सिडीकारकाचा धर्म होय. ज्या गुणासाठी आपण क्वेर्सेटिनच्या मागे लागलो, तोच गुण त्याच्या साच्याच्या निर्मितीआड येतो. हा अडथळा किती मोठा असू शकेल याचा अंदाज एका साध्या हिशेबाने करता येईल. बाजारात मिळणाऱ्या आडबंधकाच्या बाटलीत तो साठवणीत आपोआप घट्ट होऊ नये म्हणून हायड्रोक्विनोनचा एकमिथिल ईथर हे फिनॉलच घातलेले असते, आणि त्यासाठी दशलक्ष भागांत सुमारे शंभर भाग पुरतात. आपल्या मिश्रणात एका मिलिमोल क्वेर्सेटिनचे वजन ३०२ मिलिग्रॅम, आणि दोन्ही एकवारिकांचे मिळून सुमारे ४,३८५ मिलिग्रॅम. म्हणजे क्वेर्सेटिन एकवारिकांच्या सुमारे ७ टक्के, अर्थात दशलक्षात सत्तर हजार भागांच्या आसपास झाले. साठवणीतील रोधकाच्या सुमारे सातशेपट फिनॉल आपण आपल्या हाताने त्यात घालतो, आणि मग चोवीस तासांनंतरही कुपीतील द्राव पातळच का राहिला म्हणून आश्चर्य करतो!

या अडथळ्याचे स्वरूप नीट समजून घेतले तर मार्ग निघतो. साधी फिनॉले बहुवारिकाच्या वाढत्या टोकास प्रत्यक्ष फारशी अडवीत नाहीत. ऑक्सिजन मिसळल्याने झालेल्या पेरॉक्सी मूलकांस ती गाठतात. म्हणून ऑक्सिजन कसून घालविणे हा उपचार नसून कृतीचा कणा आहे. मात्र क्वेर्सेटिनमधील शेजारी-शेजारी असलेले दोन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे कॅटेकॉल भाग, सहज ऑक्सिडीभूत होऊन क्विनोन बनतो, आणि क्विनोने ऑक्सिजनच्या अभावीही साखळीची वाढ रोखतात. जुने, हवेत उघडे राहून काळवंडलेले क्वेर्सेटिन या कामास घेऊ नये ते याचकरिता. आरंभक वाढविणे हा नेहमीचा तोडगा आहे. पण अधिक मूलके म्हणजे क्वेर्सेटिनचाही अधिक नाश, आणि त्याचे काही रेणू साखळीलाच कायमचे जोडले जाण्याची शक्यता. मेण मातीलाच चिकटून राहिल्यासारखे ते होते. प्रस्तुत लेखकास वाटते की, फिनॉलांच्या बाबतीत मूलकांचा मार्ग सोडून सिलिकेच्या जेलीभवनाचा, म्हणजे डिकी यांचाच जुना मार्ग पुनश्च तपासणे अधिक फलदायी ठरावे. तेथे मुक्त मूलकांचा संबंधच येत नाही.

येथवर जे वर्णिले ते दगडासारख्या घट्ट गोळ्याचे. तो कुटून, चाळून २५ ते ५० मायक्रोमीटरचे कण निवडावयाचे, ही जुनी रीत. तीत निम्म्याहून अधिक माल पूड होऊन वाया जातो. शिवाय कणाच्या पोटातील पोकळ्यांतून क्वेर्सेटिन नीट धुतलेही जात नाही आणि पुढे आत शिरतही नाही. मिश्रण पुष्कळ विरल ठेवले तर गोळा न होता बहुवारिकाचे सूक्ष्म गोल कण साक्याच्या रूपाने सुटे पडतात, आणि परिस्थिती सांभाळल्यास त्यांचा व्यास काही शेकडा नॅनोमीटर किंवा त्याहूनही कमी राखता येतो. लाभ किती ते पाहा. भरीव गोल कणांचे दर ग्रॅमचे पृष्ठफळ व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. घनता १.२ धरली तर ५० मायक्रोमीटर व्यासाच्या कणांचे बाह्य पृष्ठफळ दर ग्रॅमला ०.१ चौरस मीटर, तर २०० नॅनोमीटर व्यासाच्या कणांचे २५ चौरस मीटर भरते. बहुतेक ठसे पृष्ठभागाच्या जवळ आल्यामुळे क्वेर्सेटिनची ये-जा झटपट होते.

इतके सूक्ष्म कण द्रावातून परत कसे काढावयाचे हा मग नवाच प्रश्न उभा राहतो, कारण गाळणकागदातून ते सरळ निघून जातात. अपकेंद्रण हा एक उपाय. कणाच्या गाभ्यात मॅग्नेटाइट ठेवून चुंबकाने ओढून घेणे हा दुसरा, आणि तो हल्ली फार लोकप्रिय आहे. क्वेर्सेटिनच्या बाबतीत मात्र येथे सावध राहावयास हवे. कॅटेकॉल गट लोहास स्वभावतःच घट्ट पकडतात. गाभ्यावरील सिलिकेचे आवरण कोठे उघडे राहिले, तर कण क्वेर्सेटिनला ठशामुळे नव्हे तर लोहामुळे धरील, आणि त्याच न्यायाने अर्कातील प्रत्येक कॅटेकॉलास धरील. तिसरा मार्ग सर्गेई पिलेत्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास पुढे आणला. साच्याचा रेणू काचेच्या बारीक मण्यांवर पक्का बसवावयाचा आणि त्याच्याभोवती सूक्ष्मकण वाढू द्यावयाचे. थंड विद्रावकाने धुतले की शिल्लक एकवारिके व दुर्बलपणे चिकटलेले कण निघून जातात. नंतर ऊन विद्रावकाने धुतले की घट्ट बसलेले, म्हणजेच ठसा चांगला उमटलेले कण हाती येतात. साच्याचा रेणू मण्यावरच राहतो, पुन्हा वापरता येतो, आणि कणांत उरत नाही. अडचण एवढीच की, क्वेर्सेटिन मण्यास जोडण्यासाठी त्याचा एखादा हायड्रॉक्सिल गट खर्ची घालावा लागतो, आणि ठशात त्या गटाची नोंद होत नाही.

कण तयार झाले, त्यांनी क्वेर्सेटिन शोषले. एवढ्यावरून ठसा उमटला असे म्हणता येईल काय? या प्रश्नाकडे विद्यार्थ्यांनी सर्वाधिक लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण याच ठिकाणी पुष्कळसे काम कच्चे राहते. रूढ पद्धत अशी की, क्वेर्सेटिन न घालता तेच बहुवारिक बनवावयाचे आणि दोहोंच्या अधिशोषणाचे गुणोत्तर ‘ठसा-गुणांक’ म्हणून द्यावयाचे. गुणांक दोन-तीन आला की समाधान मानले जाते. पण वर सांगितलेले रोधकाचे प्रकरण येथे आठवावे. क्वेर्सेटिनच्या सान्निध्यात बहुवारिकीभवन मंदावते. ते नसताना मंदावत नाही. तेव्हा या दोन बहुवारिकांत केवळ ठशाचाच फरक नसतो. साखळ्यांची लांबी, छिद्रांचे मान, कणांचा व्यास हे सारेच बदललेले असू शकते. ज्याच्याशी तुलना करावयाची तेच निराळ्या जातीचे निघाले, तर गुणांक ठशाचा की पृष्ठफळाचा हे कोणी सांगावे? निदान दोहोंचे पृष्ठफळ नायट्रोजन अधिशोषणाने मोजून शेजारी-शेजारी द्यावयास हवे.

याहून चांगला मार्ग म्हणजे डिकी यांच्या १९४९ च्या प्रयोगाची मांडणी होय. क्वेर्सेटिनचे एक भावंड या कामासाठी जणू घडविलेलेच आहे. मोरिन हे क्वेर्सेटिनचे समघटक. रेणुसूत्र एकच, रेणुभारही एकच, हायड्रॉक्सिल गट पाचच. फरक इतकाच की बाजूच्या वलयावरील दोन गट क्वेर्सेटिनमध्ये ३ व ४ या स्थानी, तर मोरिनमध्ये २ व ४ या स्थानी असतात. फणसाच्या लाकडाच्या गाभ्याचा जो पिवळा रंग कोकणात सर्वांच्या परिचयाचा आहे, त्यात हे मोरिन असते. दोन बहुवारिके बनवावीत, एक क्वेर्सेटिनच्या ठशाचे व दुसरे मोरिनच्या. दोन्ही साचे फिनॉलिक, म्हणून दोहोंतही बहुवारिकीभवनास अडथळा होतोच. तो तंतोतंत सारखा नसेल, पण साचाविरहित बहुवारिकाच्या मानाने ही तुलना कितीतरी न्याय्य आहे. मग दोन्ही द्रव्ये दोन्ही बहुवारिकांवर तपासून चार आकडे मिळवावे. प्रत्येक बहुवारिकाने आपापल्या द्रव्यास अधिक धरले तरच ठसा खरा. दोन्ही बहुवारिकांनी क्वेर्सेटिनलाच अधिक धरले, तर ती ओळख नव्हे. क्वेर्सेटिन मुळातच अधिक चिकट आहे एवढाच त्याचा अर्थ. या कसोटीत अपयश आल्यास ते निबंधात नमूद करावे, लपवू नये.

दोन हिशेब आणखी करून ठेवावे. आपल्या प्रमाणात एका ग्रॅम बहुवारिकामागे सुमारे ७० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन साचा म्हणून वापरलेले असते. प्रत्येक रेणूची पोकळी शाबूत राहिली असे धरले, जे कधीच घडत नाही, तरीही ठशांची धारणाशक्ती ७० मिलिग्रॅमपलीकडे जाऊ शकत नाही. या प्रमाणाच्या बहुवारिकाची धारणाशक्ती त्याहून अधिक आढळली, तर अधिकाचा भाग ठशाचा नाही हे उघड आहे. दुसरा हिशेब धुण्याचा. साच्याचा ९९.५ टक्के भाग धुतला गेला असे मानले, तरी दर ग्रॅमला सुमारे ०.३५ मिलिग्रॅम क्वेर्सेटिन आत उरते. १०० मिलिग्रॅम बहुवारिक भरलेल्या नळीत ते ३५ मायक्रोग्रॅम होईल. अर्कातील काही मायक्रोग्रॅम क्वेर्सेटिन मोजावयास निघालेल्याने स्वतःच पेरलेले उगवलेले पाहून हर्ष मानण्यात अर्थ नाही. म्हणून अर्क न घालता नळीतून केवळ विद्रावक सोडून येणारे क्वेर्सेटिन आधी मोजावे. मोजणीच हेतू असेल, तर साचा म्हणून क्वेर्सेटिनऐवजी त्याच्याशी साम्य असलेले पण वर्णलेखात वेगळे दिसणारे संयुग वापरणे अधिक सोयीचे.

पाण्याचा प्रश्न निराळाच. ठसा कोरड्या सेंद्रिय विद्रावकात घडलेला असतो, आणि टरफलांचा अर्क पाणीमिश्रित असतो. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांच्या जागा स्वतःच अडवितात, आणि उरलेले आकर्षण बहुतांशी जलविरोधी स्वरूपाचे, म्हणजे निवड न करणारे असते. अर्क सुकवून अ‍ॅसिटोनायट्राइलसारख्या विद्रावकात पुन्हा घ्यावा, हा साधा उपाय पुष्कळदा पुरतो. मात्र सुकविण्यात क्वेर्सेटिन हवेने खराब होऊ देऊ नये. दुसरा उपाय बोरॉनिक अम्लाचा. ते कॅटेकॉलास अल्कधर्मी पाण्यात, ८ ते ९ पीएच मूल्यास, घट्ट धरते व अम्ल घालताच सोडते. मोरिनजवळ कॅटेकॉल नसल्याने ते या बंधास मुकते; पण प्रोटोकॅटेच्युइक अम्लाजवळ व रुटिनजवळ तो असतो, म्हणून केवळ बोरॉनिक अम्लाने काम भागत नाही, आकाराचा ठसाही लागतो. दुर्दैव असे की, नेमक्या याच अल्कधर्मी द्रावात क्वेर्सेटिन सर्वांत लवकर ऑक्सिडीभूत होते. काम झटपट व ऑक्सिजनविरहित वातावरणात उरकावे लागते, आणि सूक्ष्म कणांची त्वरा येथे खरोखर उपयोगी पडते.

या साऱ्या खटाटोपाचा उपयोग कोठे, असे विचारल्यास उत्तर मर्यादितच द्यावे लागेल. औषधी पूरकांसाठी लागणारे क्वेर्सेटिन व्यापारी प्रमाणावर सोफोरा जॅपोनिका या वृक्षाच्या कळ्यांतील किंवा ब्राझीलमधील डायमॉर्फँड्रा मोलिस याच्या शेंगांतील रुटिनाचे अम्लाने विघटन करून स्वस्तात मिळते. टरफलांपासून किलोच्या हिशेबाने क्वेर्सेटिन काढावयाचे असल्यास साधी अधिशोषक रेझिने व पुनःस्फटिकीकरण यांचाच मार्ग बरा. तेथे रेणुठसा परवडणार नाही, आणि खाद्य पदार्थाशी संबंध असल्याने बहुवारिकातून सुटणाऱ्या शिल्लक एकवारिकांचाही विचार करावा लागेल. जेथे इष्ट द्रव्य अर्कात अत्यल्प असते, भावंडे विपुल असतात आणि मोजमाप नेमके हवे असते, ते रेणुठशाचे खरे क्षेत्र होय. टरफलांच्याच बाबतीत पाहावयाचे तर गरव्या व खरीप कांद्याच्या टरफलांत मुक्त क्वेर्सेटिन व ग्लुकोसाइडे यांचे प्रमाण साठवणीत महिन्यागणिक कसे बदलते, हा प्रश्न या साधनास साजेसा आहे. ग्लुकोसाइडाचा अवजड शर्कराभाग क्वेर्सेटिनच्या पोकळीत सहजी मावत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करावे. एक तसाच ठशावरून न्यावा आणि दुसरा आधी विरल हायड्रोक्लोरिक अम्लात उकळून, ग्लुकोसाइडे फोडून, मग न्यावा. दोन मापांतील अंतर हे बद्ध क्वेर्सेटिनचे माप होईल. मात्र उकळताना किती क्वेर्सेटिन नष्ट होते हे शुद्ध क्वेर्सेटिन त्याच अम्लात तितकाच वेळ उकळून आधी ठरवून घ्यावयास हवे.